वहीत शंभर, गोदामात ऐंशी

मालाची मोजदाद रेडिओलहरींवर सोपवता येईल, ही कल्पना जुनी. मालावर लावायचे टॅग स्वस्त झाले, ते वाचणारे रीडर तेज झाले. तरी हे तंत्र काही ठिकाणी बहरलं आणि काही ठिकाणी सपशेल आपटलं. त्याचं निम्मं कारण पदार्थविज्ञानात सापडतं, निम्मं जमाखर्चात.

प्रत्येक व्यापाऱ्याचा माल दोन ठिकाणी असतो, एक गोदामात आणि एक वहीत. वहीची जागा आता संगणकानं घेतली, इतकाच काय तो फरक. या दोन्हींचा ताळा जमावा अशी सगळ्यांची इच्छा असते आणि तो सहसा जमत नाही. ‘सिस्टीमला दिसतंय, पण माल सापडत नाही’ हे वाक्य कुठल्याही गोदामात, कारखान्याच्या कुठल्याही स्टोअरमध्ये रोज कानावर पडतं.

हा ढिसाळपणा फक्त लहान दुकानदाराचा, असं समजायचं कारण नाही. निकोल डिहोरेशियस आणि अनंत रामन या दोन अभ्यासकांनी अमेरिकेतल्या एका बड्या किरकोळ विक्री कंपनीच्या ३७ दुकानांमधल्या जवळपास ३ लाख ७० हजार नोंदी तपासल्या. त्यांचा निबंध २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यांना आढळलं की १०० पैकी ६५ नोंदी चुकीच्या आहेत. या कंपनीकडे संगणक होते, बारकोड होते, शिकलेली माणसं होती. तरी तीनातल्या जवळजवळ दोन नोंदी प्रत्यक्ष मालाशी जुळत नव्हत्या.

चुका अगदी साध्या असतात. खोक्यावर ४८ नग छापलेलं असतं म्हणून ४८ मांडले जातात, आत निघतात ४६. गिऱ्हाईक एक निळा आणि एक काळा टी-शर्ट घेऊन येतं, काउंटरवरचा मुलगा घाईत निळ्याचाच बारकोड दोनदा मारतो. पैसे बरोबर येतात, पण निळ्याचा एक नग वहीतून जादा कमी होतो आणि काळ्याचा एक उगाच शिल्लक राहतो. त्यात चोरी, मोडतोड, परत आलेला माल भलत्याच फळीवर जाणं. यातली सर्वांत महागाची चूक म्हणजे वहीत शिल्लक दिसते आणि फळी रिकामी असते. संगणक नवी ऑर्डर टाकत नाही, कारण त्याच्या लेखी माल आहे. गिऱ्हाईक मात्र रिकाम्या हातानं परत जातं.

हे अंतर मिटवायचा दावा करणारं तंत्र म्हणजे आरएफआयडी, रेडिओलहरींनी वस्तूची ओळख पटवण्याची पद्धत. गाडीच्या काचेवरचा फास्टॅग याच कुळातला.

बारकोडला काय जमत नाही

२६ जून १९७४ रोजी अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, ट्रॉय या गावातल्या मार्श सुपरमार्केटमध्ये रिग्लीच्या च्युइंगगमचं एक पाकीट स्कॅनरवरून सरकलं आणि दुकानातल्या बारकोडचं युग सुरू झालं. तेव्हापासून बारकोड इमानेइतबारे राबतो आहे आणि पुढेही राबेल, कारण तो छापायला जवळपास काहीच खर्च येत नाही. पण तो वाचायला समोर दिसावा लागतो. एका वेळी एकच वाचता येतो. आणि प्रत्येक वेळी कुणाला तरी वस्तू हातात घेऊन फिरवावी लागते.

याहून मोठी अडचण चटकन लक्षात येत नाही. दुकानातला बारकोड वस्तूचा प्रकार सांगतो, तिची स्वतःची ओळख सांगत नाही. एकाच कंपनीच्या एकाच वजनाच्या बिस्किटांच्या लाखो पुड्यांवर अगदी तोच क्रमांक असतो. त्यामुळे एकच पुडा दोनदा स्कॅन झाला की संगणक दोन पुडे मोजतो. त्याला फरक कळण्याचा मार्गच नसतो.

आरएफआयडी टॅगमध्ये साधारणपणे ९६ बिटांचा क्रमांक असतो. त्याच्या एका भागात कंपनी आणि वस्तूचा प्रकार येतो. शेवटचे ३८ बिट त्या एकट्या नगासाठी राखलेले असतात. ३८ बिटांत सुमारे २७ हजार ४८७ कोटी वेगवेगळे अनुक्रमांक बसतात. म्हणजे एकाच मापाच्या, एकाच रंगाच्या शर्टांतही प्रत्येक शर्टाला स्वतःचा क्रमांक मिळतो. असा शर्ट रीडरनं दहा वेळा ऐकला तरी तो एकच मोजला जातो. मोजणीतली दुबार नोंद इथं मुळातच टळते.

बॅटरी नसलेली चिप बोलते कशी

नव्या कपड्याला लटकणारं जाडसर लेबल दिव्यासमोर धरून पाहा. कागदाच्या पोटात ॲल्युमिनियमची नागमोडी रेष दिसली, तर ती अँटेना. मधोमध खसखशीच्या दाण्याहूनही लहान काळा ठिपका दिसतो, ती चिप. बस, एवढंच. त्यात ना बॅटरी, ना स्वतःची लहर सोडणारं काही.

रेष नागमोडी का, याचं उत्तर लहरींच्या लांबीत आहे. आपल्याकडे मालाच्या टॅगसाठी ८६५ मेगाहर्ट्झपासूनचा छोटा पट्टा २००५ साली परवानामुक्त झाला. या लहरीची लांबी सुमारे ३५ सेंटिमीटर. चांगल्या अँटेनाची लांबी साधारण त्याच्या निम्मी, म्हणजे सतरा-साडेसतरा सेंटिमीटर हवी. लेबल असतं सात-आठ सेंटिमीटरचं. म्हणून ती रेष घड्या घालून बसवतात. अमेरिकेत याच कामाला ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्झचा पट्टा आहे. आपल्याकडे त्यातला काही भाग मोबाइल फोनच्या वाट्याला गेला. माल एका देशात तयार होतो आणि दुसऱ्या देशात विकला जातो, त्यामुळे एकच टॅग ८६० ते ९६० मेगाहर्ट्झमध्ये कुठेही चालेल असा बनवावा लागतो.

रीडर आपल्या अँटेनातून लहर सोडतो. ती पसरत जाते तशी विरळ होते. नेहमीच्या ताकदीच्या रीडरसमोर पाच मीटरवर टॅग धरला, तर मध्ये काही अडथळा नसताना त्याच्या वाट्याला मिलिवॉटचा साधारण पाचवा भाग येतो. चिपला जागं व्हायला मिलिवॉटचा शंभरावा भाग किंवा त्याहूनही कमी पुरतो. टीव्हीच्या कोपऱ्यातला लाल दिवा लावायला याच्या हजारपट शक्ती लागेल. आलेल्या लहरीतूनच चिप वीज गाळून घेते, आपली स्मृती उघडते आणि क्रमांक वाचते.

आता हा क्रमांक रीडरला कळवायचा कसा? स्वतःची लहर सोडण्याइतकी शक्ती चिपकडे नाही. इथं खरी गंमत आहे. शाळेच्या वर्गात आरशाच्या तुकड्यानं भिंतीवर कवडसा पाडणारा पोरगा आठवा. प्रकाश सूर्याचाच असतो, पोरगा फक्त आरसा हलवतो आणि कवडसा नाचतो. चिप नेमकं हेच करते. अँटेनाला जोडलेला विजेचा भार ती क्षणोक्षणी बदलते. त्यासरशी अँटेनावरून परतणारी लहर कधी जोरकस होते, कधी क्षीण. या चढउतारातून रीडर शून्य आणि एक ओळखतो. टॅग बोलतो तो रीडरच्याच आवाजात.

लहर जाताना विरते आणि परत येतानाही विरते. त्यामुळे अंतर दुप्पट केलं की रीडरला ऐकू येणारा प्रतिसाद सोळापट क्षीण होतो. मालाचे साधे टॅग काही मीटरच्या पलीकडे वाचता येत नाहीत, त्याला ही दुहेरी गळती आणि चिपची भूक अशी दोन कारणं आहेत.

सगळे टॅग याच जातीचे नसतात. मेट्रोचं कार्ड आणि पासपोर्टमधली चिप १३.५६ मेगाहर्ट्झवर चालते, पाळीव कुत्र्याच्या कातडीखाली टोचलेली चिप त्याहून कितीतरी खालच्या पट्ट्यात. त्यांचं काम चुंबकीय क्षेत्रावर, अगदी जवळून चालतं. दुरून आणि घाऊक वाचायचं असेल तर मात्र फास्टॅगच्याच पट्ट्यात यावं लागतं.

सगळे एकदम बोलले तर

खोक्यात २०० शर्ट आहेत आणि रीडरची लहर सगळ्यांवर एकदम पडली. २०० चिपा एकाच क्षणी जाग्या झाल्या आणि बोलू लागल्या, तर रीडरला नुसता गोंगाट ऐकू येईल. यावरची युक्ती हवाई बेटांवरून आली. नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ साली हवाई विद्यापीठात बेटाबेटांवरचे संगणक रेडिओनं जोडणारी अलोहा ही व्यवस्था चालू केली. तिचं तत्त्व साधं होतं. कुणी कधी बोलायचं हे वरून ठरवायचं नाही. दोघांचं बोलणं आदळलं, तर दोघांनी थोडं थांबून पुन्हा प्रयत्न करायचा.

टॅगांसाठी हे तत्त्व जरा शिस्तीत बसवलं आहे. रीडर जाहीर करतो की या फेरीत, समजा, २५६ पाळ्या आहेत. प्रत्येक टॅग मनाशी एक आकडा उचलतो आणि आपली पाळी येईपर्यंत गप्प बसतो. पाळी आली की तो आधी आपला क्रमांक सांगत नाही, एक छोटा यादृच्छिक आकडा उच्चारतो. रीडरला तो स्वच्छ ऐकू आला तर रीडर तोच आकडा परत म्हणून दाखवतो. मगच टॅग खरा क्रमांक देतो आणि त्या फेरीपुरता मुका होतो. काही पाळ्या रिकाम्या जातात, काहींत दोघंतिघं एकदम बोलतात. गणित सांगतं की अशा पद्धतीत फार तर ३७ टक्के पाळ्या सत्कारणी लागतात. रीडर आदळआपट मोजत राहतो आणि पुढच्या फेरीत पाळ्या वाढवतो किंवा घटवतो. सगळा कारभार इतका झटपट चालतो की अनुकूल परिस्थितीत सेकंदाला शेकडो टॅग वाचून होतात.

राजदूताच्या भिंतीपासून वॉलमार्टच्या दारापर्यंत

परावर्तित लहरीतून बोलण्याची कल्पना पहिल्यांदा गाजली ती हेरगिरीत. १९४५ साली मॉस्कोत सोव्हिएत शाळकरी मुलांनी अमेरिकेच्या राजदूताला लाकडात कोरलेलं अमेरिकी राजचिन्ह भेट दिलं. पुढे सात वर्षं ते राजदूताच्या निवासस्थानी भिंतीवर होतं. १९५२ मध्ये त्याच्या पोटात चोरटं श्रवणयंत्र सापडलं. त्याला बॅटरी नव्हती, तारही नव्हती. बाहेरून रेडिओलहर सोडली की खोलीतल्या बोलण्यानं थरथरणारा पातळ पडदा ती लहर बदलून परत पाठवायचा. ही करामत लेव्ह थेरेमिन या रशियन संशोधकाची. दरम्यान १९४८ साली हॅरी स्टॉकमन यांनी परावर्तित शक्तीतून संदेशवहन कसं करता येईल, यावर शास्त्रीय निबंध लिहिला. पण स्वस्त चिप येईपर्यंत ही विद्या पेटीबंदच राहिली. १९७३ साली मारिओ कार्डुलो यांना स्मृती असलेल्या टॅगचं अमेरिकी पेटंट मिळालं, तेव्हा कुठे आजच्या टॅगची आकृती दिसू लागली.

मालाच्या जगात ती आली एका लिपस्टिकमुळे. प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीत काम करणारे केविन ॲश्टन यांच्या लक्षात आलं की तपकिरी रंगाची एक लिपस्टिक दुकानातल्या फळीवर कायम संपलेली असते, आणि गोदाम म्हणतं भरपूर आहे. फळीलाच स्वतःची शिल्लक कळली तर? या प्रश्नाचा पाठपुरावा करत ते मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत पोचले. तिथं १९९९ साली ऑटो-आयडी सेंटर उभं राहिलं. ‘इंटरनेट ऑफ थिंग्ज’ हा शब्दप्रयोग ॲश्टन यांचाच, त्याच वर्षीचा.

या केंद्रातले संजय सरमा हे कानपूर आयआयटीचे माजी विद्यार्थी. त्यांनी आणि डेव्हिड ब्रॉक यांनी दिशाच बदलली. तोवर संशोधकांची धडपड टॅगमध्ये जास्तीत जास्त माहिती कोंबायची होती. या दोघांनी उलट सांगितलं की टॅगला ढ ठेवा. त्यात फक्त क्रमांक असू द्या, बाकी सगळं संगणकाच्या जाळ्यावर. चिप लहान झाली की स्वस्त होईल. फास्टॅग हे त्याचंच रोजचं उदाहरण. त्यात आपले पैसे नसतात, फक्त क्रमांक असतो. पैसे कापले जातात ते त्या क्रमांकाशी जोडलेल्या खात्यातून.

जून २००३ मध्ये वॉलमार्ट या बड्या अमेरिकी दुकानसाखळीनं फर्मान काढलं. सर्वांत मोठ्या १०० पुरवठादारांनी जानेवारी २००५ पासून खोक्यांवर आणि खोकी रचलेल्या पॅलेटवर टॅग लावून माल पाठवायचा. अमेरिकेच्या संरक्षण खात्यानंही त्याच वर्षी असाच निर्णय घेतला. डिसेंबर २००४ मध्ये जगभर चालेल असं टॅगचं जेन-टू हे मानक संमत झालं. आता बारकोडचे दिवस भरले, अशी हवा तयार झाली.

घोडं कुठे पेंड खात होतं

पहिला अडसर पदार्थविज्ञानाचा होता. सुपरमार्केटमध्ये सर्वाधिक खपतं ते शाम्पू, दूध, शीतपेय, डबाबंद अन्न. पाणी या लहरी शोषून घेतं आणि धातू त्या परतवतो. धातूच्या पत्र्यावर साधा टॅग चिकटवला तर अँटेनाची ताकदच मारली जाते. पॅलेटच्या बाहेरच्या खोक्यांवरचे टॅग वाचले जायचे, मधले मुके राहायचे. धातूसाठी खास टॅग निघाले, मध्ये फोमचा थर देणारे, पण ते महाग.

दुसरा अडसर उलट प्रकारचा. रेडिओलहर दाराच्या चौकटीत थांबत नाही. तीन नंबरच्या दारातून माल आत येत असतो आणि तिथला रीडर शेजारून फोर्कलिफ्टवर चाललेल्या पॅलेटचाही क्रमांक टिपतो. बारकोड न दिसणारी वस्तू कधी मोजत नाही. रेडिओ मात्र समोरची वस्तू गाळतो आणि पलीकडची मोजतो, दोन्ही. टॅग वाचला गेला नाही म्हणजे वस्तू नाहीच, असं म्हणता येत नाही. वाचला गेला म्हणजे ती इथंच आहे, असंही नाही. म्हणून अँटेना कुठल्या कोनात लावायच्या, किती ताकद सोडायची, आणि आलेल्या क्रमांकांतून खरे कोणते, हे ठरवण्यातच या व्यवसायातला बराचसा घाम गळतो.

तिसरा अडसर पैशाचा, आणि तोच निर्णायक ठरला. आर्कान्सा विद्यापीठानं वॉलमार्टच्या दुकानांचा अभ्यास केला. टॅग वापरणाऱ्या दुकानांत फळीवर माल नसण्याचे प्रसंग १६ टक्क्यांनी घटल्याचं २००५ साली पुढे आलं. म्हणजे तंत्र चाललं होतं. पण फळी भरलेली राहिल्याचा मोठा लाभ दुकानाला, आणि टॅगचा, रीडरचा, चिकटवणाऱ्या माणसाचा खर्च पुरवठादाराला. त्यांनी पळवाट काढली. कारखान्यात नेहमीसारखंच काम करायचं आणि वॉलमार्टला जाणाऱ्या खोक्यांवर गाडी भरायच्या आधी टॅग थापायचे. त्या टॅगचा स्वतःच्या कामात उपयोग शून्य. २००८ साली वॉलमार्टच्याच सॅम्स क्लबनं टॅग नसलेल्या पॅलेटमागे दोन डॉलर आकारायचा इशारा दिला, तरी गाडं पुढे सरकलं नाही. दुसऱ्याच्या फायद्यासाठी पदरमोड करायला धाक किती दिवस पुरणार?

कारखान्याच्या चार भिंतींत

गाजावाजा दुकानांचा झाला, पण आरएफआयडी निमूटपणे रुजलं ते कारखान्यात. मोटारीचा सांगाडा वेल्डिंगमधून रंगकामाकडे जातो, तेव्हा त्याच्याबरोबरच्या गाड्यावर उष्णता सोसणारा टॅग असतो. रंगाच्या टाकीत बुडी मारून सांगाडा पावणेदोनशे अंश सेल्सिअसच्या भट्टीतून बाहेर येतो. कागदी बारकोड इथं एक तर रंगाखाली गाडला जाईल किंवा जळून जाईल. टॅग मात्र पुढच्या ठाण्यावर जाऊन सांगतो की ही गाडी पांढरी, छताला खिडकी असलेली, स्टिअरिंग उजवीकडे. यंत्रमानव त्याप्रमाणे कार्यक्रम निवडतो.

इंजिन जुळणीच्या लाइनवर टॅगची जबाबदारी आणखी वाढते. ज्या तबकावर इंजिन बसवलेलं असतं, त्यात टॅग असतो आणि प्रत्येक ठाण्यावर त्यात नोंद लिहिली जाते. बोल्ट ठरलेल्या जोरानं आवळला गेला की ‘ठीक’ची खूण पडते. ती नसेल तर पुढच्या ठाण्यावरचं यंत्र कामच सुरू करत नाही. चूक तिथल्या तिथं पकडली जाते. इथं टॅग काही सेंटिमीटरवरूनच वाचला जावा अशी मुद्दाम व्यवस्था असते, कारण शेजारच्या इंजिनाचा क्रमांक चुकून आला तर अनर्थ.

संगणकाच्या हुकमावर चालणाऱ्या सीएनसी यंत्रांवर हत्यार धरणाऱ्या होल्डरमध्येही बटणाएवढी चिप बसवतात. हत्याराची मोजून काढलेली लांबी, व्यास आणि उरलेलं आयुष्य तिच्यात नोंदलेलं असतं. एरवी ऑपरेटर हे आकडे कागदावरून यंत्रात भरतो. त्यात दशांश चिन्ह एक घर सरकलं तर हत्यार जॉबमध्ये घुसतं आणि यंत्राचा स्पिंडलही जायबंदी होऊ शकतो. ती एक दुर्घटना टळली तरी कित्येक चिपांची किंमत वसूल होते.

या उदाहरणांत एक धागा समान आहे. टॅग कारखान्याबाहेर जात नाही. तबक रिकामं होऊन पुन्हा लाइनच्या तोंडाशी येतं आणि तोच टॅग हजारो फेऱ्या करतो. तो दोन रुपयांचा आहे की पाचशेचा, हा प्रश्नच गौण होतो. खर्च करणारा आणि फायदा घेणारा मालक एकच असतो.

विमान कंपन्यांनीही हेच गणित ओळखलं. प्रवाशांच्या डोक्यावरच्या कप्प्यात आणीबाणीसाठी प्राणवायू तयार करणारी उपकरणं असतात आणि त्यांना मुदत असते. ती तपासायची तर एकेक कप्पा उघडून तारीख वाचावी लागे. अमेरिकेच्या डेल्टा कंपनीनं त्यांना टॅग लावले. आता तंत्रज्ञ हातात रीडर घेऊन आसनांमधून चालत जातो आणि मुदत संपत आलेली उपकरणं यादीत येतात. कप्पा उघडावा लागत नाही.

कपड्यांनी बाजी मारली

किरकोळ विक्रीत हे तंत्र परतलं ते कपड्यांच्या मार्गानं. कापडातून या लहरी आरपार जातात. शिवाय एकाच शर्टाची पाच मापं आणि सहा रंग म्हटले की तीस प्रकार होतात, आणि ‘मीडियम निळा’ संपला हे कळायला कुणी तरी थप्पी उपसावी लागते. शर्टाच्या किमतीत काही रुपयांचा टॅग सहज मुरतो. पण खरं कारण असं की बड्या कपडे कंपन्या आपल्याच नावाचा माल बनवून घेतात आणि आपल्याच दुकानात विकतात. टॅगचा खर्च आणि लाभ दोन्ही एकाच वहीत पडतात.

झाराची मालक कंपनी इंडिटेक्सनं २०१४ साली आपली पद्धत जाहीर केली. चोरी रोखण्यासाठी कपड्याला लावतात त्या प्लॅस्टिकच्या बिल्ल्यातच त्यांनी चिप बसवली. बिल करताना बिल्ला निघायचा आणि पुन्हा वापरात यायचा. कारखान्यातल्या तबकासारखाच हाही पुन्हापुन्हा फिरणारा टॅग होता. खेळाचं साहित्य विकणाऱ्या डेकॅथलॉनच्या काउंटरवर सगळी खरेदी एका खोक्यात ठेवली की पडद्यावर यादी आपोआप उमटते, तीही याच तंत्रानं. हातातला रीडर घेऊन फळ्यांसमोरून फिरणारा कर्मचारी तासाभरात काही हजार कपडे मोजतो. वर्षातून एकदा होणारी मोजणी आठवड्याला करता आली की वही आणि फळी यांच्यातलं अंतर वाढायला वेळच मिळत नाही.

कपड्यात टॅग आला तसा एक रास्त आक्षेपही आला. दुकानाबाहेर पडल्यावरही तो बोलत राहिला तर? २००३ मध्ये बेनेटनच्या कपड्यांत टॅग येणार अशी बातमी फुटली आणि ग्राहक संघटनांनी बहिष्काराची हाक दिली. जेन-टू मानकात त्यामुळे टॅगला कायमचं मारण्याची आज्ञा आहे. ३२ बिटांचा परवलीचा आकडा दिला की टॅग पुन्हा कधीच उत्तर देत नाही. सोय आहे, पण ती वापरायची की नाही हे विक्रेत्याच्या मर्जीवर. बिल्ला काउंटरवरच काढून घेणं किंवा लेबल कापून टाकणं हा त्याहून भरवशाचा उपाय.

न्हावा शेवाचं फाटक

आपल्याकडे मालवाहतुकीत आरएफआयडीचा मोठा प्रयोग झाला तो उरण तालुक्यात, न्हावा शेवाच्या जवाहरलाल नेहरू बंदरात. २०२३-२४ या वर्षात या बंदरानं वीस फुटी मापानं ६४ लाखांहून जास्त कंटेनर हाताळले. प्रत्येकावर चार अक्षरं आणि सात अंक रंगवलेले असतात. पूर्वी एकदा कंटेनर फाटकाबाहेर पडला की तो कुठे अडकला हे कळायला ड्रायव्हरला, ट्रान्सपोर्टवाल्याला, एजंटला फोन करण्याला पर्याय नसायचा.

जुलै २०१६ मध्ये इथं लॉजिस्टिक्स डेटा बँक सुरू झाली. दिल्ली-मुंबई औद्योगिक मार्गिकेची सरकारी कंपनी आणि जपानची एनईसी यांचा हा संयुक्त उपक्रम. बंदरातून जाताना कंटेनरला टॅग लागतो. पुढे टोलनाके, कंटेनर फ्रेट स्टेशन, इनलँड डेपो इथले रीडर तो टिपत जातात. आयातदारानं संकेतस्थळावर कंटेनरचा क्रमांक टाकला की शेवटची नोंद कुठे आणि किती वाजता झाली हे दिसतं. कुठल्या टप्प्यावर किती तास वाया जातात, याचे आकडेही पहिल्यांदाच सर्वांसमोर मांडले जाऊ लागले.

दुसरा बदल २०१७ चा. तोवर निर्यातीचा कंटेनर कारखान्यातच सील करायचा तर सरकारी अधिकारी हजर लागे. नव्या नियमानं निर्यातदाराला स्वतः सील लावायची मुभा मिळाली, मात्र ते इलेक्ट्रॉनिक हवं. हे दिसायला साधं बोल्ट सील, पण आत टॅग असतो. कारखान्यात सील लावताना त्याचा क्रमांक शिपिंग बिल, कंटेनर आणि ट्रकच्या क्रमांकांशी जोडला जातो. बंदरात कस्टमचा अधिकारी हातातल्या रीडरनं तो वाचतो. मध्ये कुणी सील तोडलं असेल तर ते लगेच उघडकीला येतं. या सीलसाठी निर्यातदाराला काहीशे रुपये पडतात, पण अधिकाऱ्याची वाट पाहण्यातला त्याचाच वेळ वाचतो. वॉलमार्टच्या पुरवठादारांना न मिळालेली गोष्ट इथं मिळाली. ज्याचा खर्च, त्यालाच परतावा.

टॅग कुणाचा, कमाई कुणाची

आता चेंडू पुन्हा पुरवठादारांच्या अंगणात आला आहे. कपड्यांमधलं यश पाहून २०२२ साली वॉलमार्टनं घरगुती वापराच्या वस्तू, खेळणी, इलेक्ट्रॉनिक्स यांच्यासाठीही प्रत्येक नगावर टॅग सक्तीचा केला. टॉवेल, चादरी, पडदे याच वर्गात मोडतात. अशा खरेदीदारांना माल पाठवायचा तर टॅग कारखान्यातच लावून द्यावा लागतो. सोलापूरच्या टॉवेल उद्योगाला किंवा कुठल्याही कापड निर्यातदाराला हा प्रश्न आज ना उद्या सोडवावाच लागणार. युरोपीय संघानं २०२४ साली नवा कायदा लागू केला असून वस्तूच्या जन्मापासूनची माहिती तिच्याबरोबर पाठवण्याची डिजिटल पासपोर्टची सक्ती टप्प्याटप्प्यानं येणार आहे. कापड त्यात अग्रक्रमानं आहे. ही माहिती क्यूआर कोडनं द्यायची की टॅगनं, हा तपशील वस्तुगणिक ठरेल. पण प्रत्येक नगाला ओळख द्यायची सवय लावून घेणं भाग पडणार.

अशा वेळी छोट्या उत्पादकासमोर दोन वाटा असतात. पहिली वाट वीस वर्षांपूर्वीच्या पुरवठादारांची. खरेदीदारानं सांगितलेले टॅग आणायचे, चिकटवायचे आणि तो खर्च नशिबाचा भाग म्हणून सोसायचा. दुसऱ्या वाटेला थोडं भांडवल लागतं. पॅकिंगच्या टेबलावर स्वतःचा एक रीडर बसवायचा. खोकं बंद होण्याआधी ते त्याच्यासमोरून सरकवायचं. ऑर्डरमध्ये २४ मोठे पांढरे आणि १२ लहान निळे टॉवेल असतील आणि खोक्यात २३ आणि १३ गेले असतील, तर ते तिथंच कळतं. एरवी ही चूक सात समुद्रापलीकडच्या गोदामात उघड होते. मग ‘माल कमी आला’ म्हणून बिलातून रक्कम कापली जाते आणि निर्यातदाराकडे वाद घालायला पुरावा नसतो. रीडरची नोंद असेल तर किती वाजता, कोणत्या खोक्यात, कोणत्या क्रमांकाचे नग भरले हे तो दाखवू शकतो.

टॅग तोच, चिकटवण्याची मजुरीही तीच. पहिल्या वाटेवर तो फक्त खरेदीदाराची वही बरोबर ठेवतो. दुसऱ्या वाटेवर तो उत्पादकाची वहीही बरोबर ठेवतो. तेव्हा टॅग लावायला सांगणारं पत्र हातात पडलं, तर उत्पादकानं टॅगच्या दराबरोबर एका रीडरचंही कोटेशन मागवावं.